उंबराच्या डोहाचा तळ

“ते सगळं राहू द्या. तळ आहे की नाही, एवढंच सांगा.”

म्हातारा हसला. वरचे दात पडले होते, त्यामुळं त्याचं हसू सगळं डोळ्यांत गोळा व्हायचं.

“कशाचा तळ, पाव्हनं?”

“खालच्या डोहाचा. उंबराच्या. लोक म्हणतात, सात बाजांचं सुंभ सोडलं तरी तळाला लागत नाही.”

“म्हनत्यात खरं.”

“तुम्ही काय म्हणता?”

“मी काय म्हननार? मी कंदी बाजंचं सुंभ उसवून बघितलं न्हाई. मग निजायचं कशावर?”

विचारणाऱ्याला हसू आलं नाही. तो हसायला आलाच नव्हता.

आता हा कोण, ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढं अडायला नको.

नाव श्रीपत पायगुडे. वय चौसष्ट. पाटबंधारे खात्यात उभी हयात पाणी मोजण्यात गेली. कुठल्या धरणात किती, कुठल्या कालव्यातून किती, झोपेतून उठवून विचारा, आकडा तयार. आजही खांद्याला पिशवी होती. पिशवीत दोरीचं भलं मोठं गुंडाळं, फुटाफुटावर लाल दोऱ्याची खूण बांधलेली, आणि टोकाला गवंडी भिंतीला लावतात तसला पितळी ओळंबा.

मोजायचं, म्हणूनच आला होता.

आणि म्हातारा म्हणजे गोमाजी. पण गोमाजी म्हणून विचाराल तर खोऱ्यात कुणी झोपडं दाखवणार नाही. वस्ताद म्हणून विचारायचं. चार गावांची पोरं त्यांनी पोहायला शिकवली. शाळेची पायरी चढले नाहीत. पाण्याची मात्र एकही पायरी चुकले नाहीत.

श्रीपत त्यांच्याच हाताखाली शिकलेला.

तेवढं मात्र त्यानं सांगितलं नव्हतं. पन्नास वर्षं लोटली होती. केस पिकले, चष्मा लागला, पोट सुटलं. वस्तादांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू. कुठले ओळखतात, असं त्याला वाटलं. आणि बरंही वाटलं.

कारण त्या उंबराच्या डोहात त्याचा धाकटा भाऊ गेला होता. सुदाम. सुदाम नऊ वर्षांचा, श्रीपत चौदाचा.

आई आल्यागेल्याला सांगायची, “त्या मेल्या डोहाला तळच नाही. माझ्या श्रीपतनं तरी काय केलं असतं?” पन्नास वर्षं सांगायची. श्रीपत शेजारी बसून ऐकायचा.

भाद्रपदात आई गेली. तेव्हापासून श्रीपतची झोप गेली.

तळ नसला, तर कुणाचाच इलाज नव्हता. आणि असला, तर...

त्या ‘तर’च्या पुढं तो कधी गेला नव्हता.

*

“बघायचंच हाय, तर वरनं बघत जाऊ,” वस्ताद म्हणाले. “आधी धार. मग मधला डोह. मग खालचा.”

“मला फक्त खालचा बघायचाय.”

“पानी वरनंच खाली येतं, पाव्हनं. आपन काय त्येच्यापरीस शाने?”

श्रीपतनं घड्याळाकडं पाहिलं. मग निघाला.

मार्गशीर्षाचे दिवस. पावसाळ्यातला गढूळपणा बसला होता. धारेला जोर होता, पण राग नव्हता. काळ्या कड्यावरून पाणी खाली यायचं, मध्येच एका कपारीला थांबल्यासारखं करायचं, आणि मग सुटायचं. धारेखालच्या पहिल्या डोहावर तुषारांचं धुकं होतं. खडकांवर शहरातून आलेली दहाबारा मंडळी उभी होती.

“फोटू काढत्यात,” वस्ताद म्हणाले. “धारंकडं पाठ करून. घरी जाऊन बघत आसतील, धार कशी हुती ती.”

श्रीपत म्हणाला, “एकशे बेचाळीस फूट.”

“काय?”

“हा धबधबा. खात्याच्या नकाशात आहे. एकशे बेचाळीस.”

वस्तादांनी मान वर करून धारेकडं बराच वेळ पाहिलं.

“आरं तिच्या... मला वाटलं, लई उंच हाय.”

सरबताची गाडी लावून बसलेली हौसाबाई खो खो हसली. “काय वस्ताद! पाव्हन्यांना पोहायला शिकवताय का? मग पाठीला ओंडका बांधा. ह्यांना चांगला बैलगाडीएवढा लागंल बघा.”

“ह्यांना कशाला ओंडका?” वस्ताद म्हणाले. “देवानं फुडच्या अंगाला बांधून धाडलाय की.”

श्रीपतनं पोट आत ओढलं. पण मनात काहीतरी टोचून गेलं. ओंडका हा शब्द त्यानं पन्नास वर्षांत कानावर येऊ दिला नव्हता.

ही वस्तादांची रीत. पांगाऱ्याचं लाकूड वाळलं की कापसासारखं हलकं होतं. नव्या पोराच्या पाठीला त्याचा एक ओंडका सुंभानं बांधायचा आणि पोराला पाण्यात सोडायचं. पोर बुडत नाही. आठ दिवसांनी ओंडक्याचा एक पापुद्रा तासायचा. आणखी आठ दिवसांनी आणखी एक. पोराला कळतही नाही. शेवटी पाठीला तळहाताएवढी ढलपी उरते, आणि पोर समजतं की ओंडकाच तरंगवतोय. मग एक दिवस वस्ताद पाण्यात उतरून, आपल्या हातानं ती ढलपीही सोडून घेत.

नियम एकच. ज्यानं बांधला, त्यानंच सोडायचा.

श्रीपतनं चपला काढल्या, कडेला ठेवल्या आणि खडकावर ओणवा होऊन ओळंबा सोडला.

“अठरा फूट.” वहीत लिहिलं.

“बरं झालं,” वस्ताद म्हणाले. “आता त्ये पानी सुखानं ऱ्हाईल.”

“थट्टा करताय.”

“न्हाई हो. आपल्याला मोजलेलं कुनाला नको आसतं?”

*

मधल्या डोहाकडं वाट उतरते ती दगडांतून. वस्ताद पुढं, श्रीपत मागं. ऐंशी वर्षांचा माणूस, पण पाय असा टाकायचा, की दगडाला विचारून टाकतोय.

मधला डोह गोल. वाटीसारखा. पाणी इतकं नितळ, की तळाच्या पांढऱ्या गारगोट्या मोजून घ्याव्यात.

“बारा फूट,” श्रीपत म्हणाला. दोरी अजून पिशवीतच होती.

“मोजलं न्हाई तुमी.”

श्रीपत गडबडला. “अंदाजानं म्हटलं.”

मग त्यानं चपला काढल्या, कडेला ठेवल्या, दोरी सोडली. बारा फूटच भरलं.

वस्ताद एका दगडावर टेकले. पाण्याकडं बघत बोलू लागले.

“हितनं पोरं गारगोटी काढायची. बुडी मारायची, तळाची गारगोटी घिऊन वर यायचं. एक पोरगं एका दमात तीन आनायचं.”

“... तीन?”

“दोन हातांत दोन. नि एक तोंडात. लई तोऱ्याचं पोरगं. वर आल्यावर आदी चौफेर बघायचं, कोन कोन बघतंय. मगच श्वास घ्यायचं.”

श्रीपतनं चष्मा पुसला. पुसायची गरज नव्हती.

“पुढं काय झालं त्याचं?”

“मोटा सायब झाला म्हनत्यात. गावंच्या गावं पानी पितील, आसली धरनं मोजली म्हनं.”

“चांगलंच झालं की मग.”

“झालं की. पन पान्यात पाय घातला न्हाई त्यानं फिरून.”

श्रीपत झटकन उठला. “चला. ऊन वर आलं.”

खालची वाट ओलसर. दोघं उतरू लागले. अर्ध्यावर श्रीपतचा पाय सरकला. पिशवी खडकावर आपटली, ओळंबा आत खणाणला. पडतोय म्हणेस्तोवर एका हातानं त्याचं मनगट धरलं. हात नुसता हाडांचा होता, पण पकड जुनी होती.

“हळू, श्रीपती. हितं शेवाळ हाय.”

...

दोघं तसेच उभे राहिले. मनगट वस्तादांच्या हातात.

“कधी ओळखलंत?”

“धारंपाशी. तू चपला काढल्यास नि त्यांची तोंडं वाटंकडं करून ठिवलीस.”

श्रीपतनं पायांकडं पाहिलं. हे त्याच्या ध्यानातही नव्हतं.

वस्ताद पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. वरून कधी लोंढा येईल सांगता येत नाही. चपलांची तोंडं वाटेकडं ठेवायची, म्हणजे पाय घातला की पळता येतं. चार गावांत कुणाच्याही दारात जा. उंबऱ्याशी चपला उलट्या तोंडाच्या दिसल्या, की समजायचं, घरात वस्तादांचं पोर आहे.

“मग बोलला का नाहीत?”

“तू बोलला न्हाईस, म्हनून.”

*

उंबराचा डोह तसाच होता.

श्रीपतला वाटलं होतं, तो लहान दिसेल. मोठेपणी सगळंच लहान दिसतं. शाळा लहान दिसली होती, गावचं देऊळ लहान दिसलं होतं. डोह मात्र तेवढाच होता. मधल्या डोहातून पाणी एका फटीतून यायचं, आणि इथं आलं की आवाज टाकायचं. वरून उंबर वाकलेला. सावलीनं पाणी काळं दिसे. म्हणून तर लोक म्हणायचे, तळ नाही.

त्यानं दोरी काढली. गुंडाळं हातात घेतलं. आणि तसाच उभा राहिला.

 वस्ताद उंबराच्या मुळावर बसले, तंबाखूची चंची काढली, चुना लावून तंबाखू मळू लागले. तेही मळणं असं, की आज नाही तर उद्या झालं तरी चालेल.



“तुम्ही सोडता का ओळंबा?” श्रीपत म्हणाला.

“मला कुठं मोजायचंय?”

शेवटी त्यानं सोडला.

लाल दोरे एक एक करून पाण्याखाली गेले. एक. दोन. तीन. चार... दोरी बोटांतून सरकत होती. पाच. सहा. सात... त्याला वाटलं, जाऊ दे अशीच. जात राहू दे. सगळं गुंडाळं संपू दे. आठ.

नऊ.

दोरी सैल पडली.

त्यानं ती वर ओढली, पुन्हा सोडली. थोडी पलीकडं सोडली. उंबराच्या बुंध्याजवळ सोडली. फटीच्या तोंडाशी सोडली.

“नऊ,” तो म्हणाला.

वस्तादांचं मळणं थांबलं होतं.

“वस्ताद, नऊच फूट.”

“व्हय.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“त्येला मीच काढला न्हवं का?”

“गाळ भरला असेल. पन्नास वर्षांचा गाळ म्हणजे...”

“खाली कातळ हाय, श्रीपती. वाळूचा कन टिकत न्हाई. धार धुऊन नेती.”

श्रीपत खाली बसला. चौसष्ट वर्षांचा माणूस बसतो तसा नाही. पोर बसतं तसा, एकदम.

“मी बारा फुटांतून गारगोट्या आणायचो.”

“तीन.”

“आणि इथं नऊ फुटांत... वस्ताद, मी उडी मारलीच नाही. तो पाण्यात दिसत होता. हात दिसत होता. आणि मी इथं उभा होतो, या इथं. पायच उचलेनात. आणि उचलले, तेव्हा पाण्याकडं उचललेच नाहीत. मी पळालो.”

“माझ्याकडं पळालास.”

“वर. मधल्या डोहाकडं. तुम्हाला हाका मारत.”

“ऐकल्या मी.”

“आई म्हणायची, माझ्या श्रीपतनं तरी काय केलं असतं. मी ऐकून घ्यायचो. पन्नास वर्षं तिच्या हातची भाकरी खाल्ली आणि ऐकून घेतलं.”

श्रीपतनं हातातली दोरी खाली टाकली.

“आणि तेवढंच नाही...”

वस्तादांनी मळलेला तंबाखू तोंडात टाकला नाही. तसाच तळहातावर धरून बसले.

“त्याच्या पाठीला ओंडका होता.” श्रीपतनं हातांनी नारळाएवढा आकार दाखवला. “अजून एवढा होता. त्याच्याबरोबरच्या पोरांच्या ढलप्या राहिल्या होत्या, आणि याचा एवढा. पोरं त्याला ओंडक्या म्हणायची. ओंडक्या आला, ओंडक्या गेला. तो घरी येऊन आईच्या पदरात रडायचा. त्या दिवशी मला म्हणाला, दादा, सोड की. मला येतंय आता. एकदाच सोड, त्यांना दाखवतो. आणि मी...”

...

“मी सोडला, वस्ताद. तुमची गाठ मी सोडली.”

एक पिकलं उंबर पाण्यात पडलं. चार बारके मासे आले, त्याला ढुसण्या दिल्या, परत गेले.

“आईला नाही सांगितलं. बायकोला नाही. कुणालाच नाही. आई होती तोवर तोंड उघडता आलं नाही. आता उघडावं म्हटलं, तर ऐकायला कुणी उरलं नाही.”

“हं.”

“पण एक गोष्ट मला कळत नाही. आयुष्यभर हिशेब जुळवले, हा एक जुळला नाही. गाव म्हणालं, सुंभ तुटलं. वस्तादाचं सुंभ कुजकं होतं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, तुमच्या हातात तुटकं सुंभ होतं. ओला ओंडका होता. पण मी तर गाठ सोडली होती. ओंडका कोरडा होता. इथं, उंबराखाली ठेवला होता. मग सुंभ तुटलं कसं?”

वस्तादांनी तंबाखू हलकेच खाली झटकला. हात धोतराला पुसला.

“खाली दगड ठिवला. वरनं दुसरा दगड मारला.”

“तुम्ही?”

“नि ओंडका पान्यात बुडवून आनला.”

“म्हणजे... तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं.”

“कोरडा ओंडका बघितला नि तुझं तोंड बघितलं. आनखी काय कळायचं ऱ्हातंय?”

“मग गावाला खरं का नाही सांगितलं?”

“गावातलं एक पोरगं गेलं हुतं. दुसरं घालवायचं न्हवतं.”

 वाऱ्यानं पाण्यावर एक सुरकुती आली आणि काठाला लागून मोडली.

“पोरं बंद झाली तुमच्याकडं यायची,” श्रीपत म्हणाला.

“सा उन्हाळं. एक पोर आलं न्हाई.”

“बायका नाव घेऊन शिव्या द्यायच्या.”

“तुझी आय बी द्यायची. पानवठ्यावर. मी वाट बदलायचो. तिच्या मनाला बरं वाटत आसंल, तर देऊ दे.”

“आणि मी मामाकडं तालुक्याला निघून गेलो, पुढं आईलाही नेलं. गप्प बसून.”

“शिकलास. बरं झालं.”

“बरं झालं म्हणू नका हो!” श्रीपत ओरडला. डोहानं तो आवाज परत दिला. मग त्यानं वस्तादांचे पाय धरले. “मला शिव्या द्या. दोन थोबाडीत मारा. काहीही करा. पण असं बरं झालं म्हणू नका.”

वस्तादांनी पाय मागं घेतले नाहीत. नुसता त्याच्या पांढऱ्या डोक्यावर हात ठेवला. हात थरथरत होता. श्रीपतला आधी वाटलं, म्हातारपणाचा थरथरतोय.

“मी तुला कुठल्या तोंडानं शिव्या देऊ, श्रीपती?”

“म्हणजे?”

“मलाबी सांगायचं हाय. पन सांगायचं कुनाला? घरवाली गेली. तुझी आय गेली. माझ्या बराबरीचं कुनीच ऱ्हायलं न्हाई. तू येशील, तू येशील, आसं करत बसलो. तू बी लई लांब लावलंस.”

श्रीपतनं डोकं वर केलं.

“मी रोज गाठ कशी मारायचो, ठावं हाय न्हवं?”

“पाठीवर. दुहेरी.”

“नि त्येच्या आदी?”

“... सुंभ भिजवायचे तुम्ही.”

“भिजवायचो. भिजलेली गाठ वाळताना आवळती. पोराच्या बोटांना सुटत न्हाई. मोठ्या मानसाला बी दात लावाय लागत्यात. आता सांग. तू सोडलीस, तवा दात लावलं हुतंस?”

श्रीपत आठवू लागला. पन्नास वर्षं त्यानं ती गाठ मनात सोडली होती, रोज सोडली होती. पण सोडायला किती वेळ लागला, हे त्याच्या कधी मनात आलं नव्हतं.

“नाही,” तो म्हणाला. “पटकन सुटली.”

“सुटनारच. कोरडं सुंभ. एकेरी गाठ.”

श्रीपतनं आपल्या बोटांकडं पाहिलं.

“त्या दिवशी मला उशीर झाला हुता. थोरली पोरं मधल्या डोहापाशी खोळंबली हुती. कड्यावरनं उड्या मारायच्या हुत्या त्यांना, नि मला बघायच्या हुत्या. मलाबी हौस, रं. तिसातलं वय. सुदामाच्या पाठीला ओंडका ठिवला, कोरडंच सुंभ गुंडाळलं, नि एकेरी गाठ मारली. म्हनलं, श्रीपती हाय की संगं. नि तुला काय म्हनलो, आठवतंय?”

“सुदामावर ध्यान ठेव.”

“चौदा वर्साच्या पोराच्या गळ्यात नऊ वर्साचं पोर टाकलं, नि निघून गेलो. पोहाया येतंय म्हंजे राखाया येतंय, आसं समजलो. मी वस्ताद. मला कळाया नको?” त्यांचा खालचा ओठ हलायला लागला. “गाव म्हनलं, वस्तादाचं सुंभ कुजकं. मी म्हनलं, व्हय. लोकांना वाटलं, केवडा मोट्या मनाचा मानूस, पदरात घितलं. पदरात कसलं घितलंय? माझंच हुतं त्ये. तुला झाकला, त्येच्या आड मीबी झाकून गेलो. एकेरी गाठ कुनालाच दिसली न्हाई.”

एवढं बोलून ते थांबले. ऐंशी वर्षांचं अंग. खोऱ्यातला कुठलाही डोह ज्याला घाबरला असता, तो माणूस उंबराच्या मुळावर एवढासा होऊन बसला होता. धोतराचा सोगा नुसता बोटांत चुरगळत होता.

श्रीपतला ते बघवेना. आपलं काय, कशासाठी आलो, दोरी कुठं पडली, सगळं विसरून तो पुढं सरकला आणि ते हाडकुळे हात त्यानं आपल्या हातांत घेतले.

“काय बोलताय हे, वस्ताद! तुमचा काय दोष यात? अहो, वय काय होतं तुमचं? वीस पोरं, आणि तुम्ही एकटे. एखाद्या दिवशी होतो उशीर. एखादी गाठ बसते एकेरी. पुढं काय वाढून ठेवलंय, ते तुम्हाला ठाऊक होतं का? तुम्ही त्याचं वाईट चिंतलं होतं का? आणि हाक ऐकल्याबरोबर आलात की धावत. जेवढं कळलं, तेवढं केलंत. पन्नास वर्षं कसलं कुरतडून घेताय स्वतःला? जीव होता हो तुमचा त्याच्यावर. त्यानं रडू नये, चार पोरांत त्याला कुणी हसू नये, म्हणूनच तर...”

श्रीपत थबकला.

हे शेवटचं वस्तादांचं नव्हतं.

फटीतून पाणी येत होतं. डोहात उतरून गप्प होत होतं. श्रीपतचे ओठ उघडे राहिले होते, आणि त्याच्या हातांत होते ते दोन्ही हात आता थरथरत नव्हते. उलट त्यांनीच त्याचे हात धरून ठेवले होते.

वस्तादांनी त्याच्याकडं पाहिलं. एका डोळ्यानं दिसत नव्हतं, पण पाहिलं दोन्ही डोळ्यांनी.

“थांबलास का? बोल की... त्या चौदा वर्साच्या पोराशी आसं कुनी बोललंच न्हाई आजून.”